पानगळ बघून काढलेला नकाशा

जागा ताब्यात आल्यावर पहिलं वर्षभर आम्ही तिथे एक वीटही ठेवली नाही. ओळखीपाळखीच्या लोकांना हा चक्रमपणा वाटला आणि आमच्या घरातही त्यावरून कुरबुर झालीच. पण आमच्या आर्किटेक्ट बाईंची अटच तशी होती: एक पावसाळा आणि एक उन्हाळा जागा नुसती बघा, दिसेल ते वहीत लिहा, मग नकाशाचं बोलू. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, मला ताई म्हणतात, पण या बाबतीत ऐकून घेईनात.

आम्हाला हवं होतं ते घर अगदी आजचं होतं. सरळ रेषा, सपाट स्लॅब, उघडं काँक्रीट, मोठ्या खिडक्या, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही. मातीच्या भिंती आणि कौलं यांचं मला वावडं नाही, पण ते आमचं घर झालं नसतं. आणि त्याच वेळी भोवती मात्र इथलीच झाडं, इथलंच गवत हवं होतं, पावसाच्या पाण्यावर जगणारं. या दोन गोष्टी एकत्र कशा दिसतील, असं जो तो विचारायचा. दिसण्याचा प्रश्न पुढे आपोआप सुटला. खरा गुंता निघाला तो सूर्य, पाणी आणि पानगळ यांच्या वेळापत्रकाचा.

जागा म्हणजे दख्खनच्या पठारावरचा एक उतार. वरच्या अंगाला उघडा कातळ, मध्ये हातभर मुरूम, खालच्या कोपऱ्यात वाहून आलेली थोडी काळी माती. एक जुना करंज, थोडे पळस, करवंदाच्या जाळ्या आणि बाकी सगळं गवत. व्यवहाराच्या बोलण्यात या सगळ्याला एकच नाव होतं, ‘पडीक’. मुकादमाने पहिल्या भेटीतच विचारलं, “बाई, मशीन लावून एका दिवसात साफ करून देऊ का?”

पावसाळ्यात आम्ही बांबूच्या काठ्या आणि रंगीत चिंध्या घेऊन जायचो. पाऊस पडत असतानाच जायला हवं, कारण थांबल्यावर पाणी कुठून गेलं ते कळत नाही. पाणी जिथून वाहतं तिथे लाल चिंधी, जिथे साचतं तिथे निळी. दोन-चार मोठ्या सरींनंतर जमिनीवर आपोआप एक नकाशा तयार झाला. त्यात कळलं की समोरून देखणी दिसणारी जी सपाटी आम्ही मनातल्या मनात घरासाठी धरली होती, तिच्या बरोबर मधून वरच्या कातळाचं सगळं पाणी खाली उतरतं. तिथे घर बांधलं असतं तर ते पाणी आयुष्यभर गटारांनी वळवत बसावं लागलं असतं. घर तीस-पस्तीस फूट बाजूला सरकलं ते तेव्हाच, कागदावर यायच्याही आधी.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छप्पर साधारण १४० चौरस मीटरचं. पन्नास मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे सात हजार लिटर. ओलावा-उडालेलं वजा केलं तरी सहा हजार हातात राहतं. एरवी हे पाणी पाइपात घालून रस्त्याला लावतात. आम्ही पाइप भिंतीत लपवलेच नाहीत. छपराच्या दोन टोकांना काँक्रीटच्या पन्हळी पुढे काढल्या, पाणी वरून सरळ दगडगोट्यांच्या कुंडात पडतं, तिथून उताराला आडव्या खणलेल्या उथळ चरांत जातं आणि चरांतून खालच्या काळ्या मातीच्या कोपऱ्यात. चर किती खोल हवेत, हे ठरवायला फूटभर खोल खड्डे घेतले. खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, मग पुन्हा भरून तासाला किती इंच पाणी उतरतं ते पट्टीने मोजायचं. पहिल्यांदा कोरडी जमीन हावरटासारखं पाणी पिते, म्हणून दुसरं माप धरायचं. मुरमात पाणी भराभर उतरत होतं, काळ्या मातीत रेंगाळत होतं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर लागतो. तेव्हा पाणी दोन दिवसांत जिरलं पाहिजे, असा बेत करून खालचा खळगा पसरट आणि उथळच ठेवला. घराच्या पायापासून तो दूर आहे आणि उताराच्या खालच्या बाजूला आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, पाया त्या खेळात सापडू नये हे त्यामागचं मुख्य कारण.

मग उन्हाळा आला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेव्हा कळली.

घराभोवती झाडं कशी लावावीत यावर मी जे काही वाचत होते, त्यात एक सूत्र हमखास असायचं: दक्षिणेला आणि पश्चिमेला पानगळीची झाडं लावा, म्हणजे उन्हाळ्यात सावली मिळेल आणि हिवाळ्यात पानं गळून ऊन आत येईल. सूत्र बरोबर आहे, पण ते जिथे लिहिलं गेलं तिथे. युरोपात, उत्तर अमेरिकेत झाड पानं टाकतं ते थंडीमुळे. आमच्या पठारावरचं झाड पानं टाकतं ते पाणी वाचवण्यासाठी, आणि पाण्याची ओढ लागते ती पावसाळा संपून चार-पाच महिने उलटल्यावर. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होऊन फुलतो. पांगारा, काटेसावर यांचंही तसंच. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाधमक होतो तेव्हा त्याच्यावर पानं जवळपास नसतात. म्हणजे पारा सगळ्यात वर असतो नेमकं तेव्हाच ही झाडं उघडी पडलेली असतात, आणि डिसेंबरात, थोडं ऊन आत यावंसं वाटतं तेव्हा, अंगावर पानं घेऊन उभी असतात. पुस्तकातलं सूत्र तंतोतंत उलटं.

हे मला दाखवलं ते वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिका बाईंनी. त्या आमच्याबरोबर भर दुपारी छत्री घेऊन माळावर हिंडल्या आणि शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला देशी झाडांची यादी नकोय. कोणतं झाड कोणत्या महिन्यात कसं दिसतं याचा तक्ता हवाय.” मग तसा तक्ता केला. उभ्या रकान्यात झाडं, आडव्या रकान्यात बारा महिने, आणि प्रत्येक चौकटीत एक खूण: पानं भरून, गळती, उघडं, पालवी. आसपासच्या टेकड्यांवर, ओढ्याकाठी जी झाडं आपसूक वाढलेली दिसली तेवढीच तक्त्यात घेतली.

तक्ता भरत गेला तसे हिरो बदलले. करंज फार कुणी मिरवायला लावत नाही, पण तो मार्चच्या आगेमागे पानं टाकतो आणि पटकन नवी घेतो. एप्रिलमध्ये जिकडेतिकडे धूळ असताना त्याच्यावर तकतकीत पोपटी पालवी आणि खाली दाट सावली. कुसुमला मार्चमध्ये लालभडक पालवी फुटते, इतकी की लांबून फुलंच वाटावीत. फक्त वाढतो फार सावकाश. जांभूळ बारमाही हिरवं. पश्चिमेच्या उन्हाला ही झाडं. पळस आणि बहावा यांचं सौंदर्य बघायचं आहे, त्यांच्याकडून सावलीचं काम काढायचं नाही, म्हणून ती ईशान्येला आणि लांब हद्दीकडे, जिथे ती उघडी असली तरी कुणाचं अडत नाही आणि खिडकीतून मात्र दिसतात.

आता घराचा नकाशा. जुना करंज पहिल्या कच्च्या आराखड्यात गाडी उभी करायच्या जागेत येत होता. आर्किटेक्ट बाईंनी तक्ता पाहिला, ट्रेसिंगचा कागद फिरवला आणि करंजाला घराच्या पश्चिमेला आणून ठेवलं. म्हणजे अर्थात घर त्याच्या पूर्वेला आणलं. निजायच्या खोल्यांची पश्चिम भिंत आता त्याच्या सावलीत आहे. त्यांनी सूर्याचे कोन काढून दाखवले तेव्हा मला पटलं की हे नुसतं झाडावरचं प्रेम नाही. आमच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, मार्चअखेर सत्तरीच्या वर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर अडीच फुटी छज्जा काढला की मार्चनंतर दुपारी अख्खी खिडकी सावलीत, आणि डिसेंबरात वरचा भाग सोडला तर खाली ऊन आत. दक्षिणेचा प्रश्न छज्ज्याने सुटतो, तिथे झाड लागतच नाही. पश्चिमेला मात्र एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य साधारण २५ अंशांवर उतरलेला असतो. तिथे तीन फुटी छज्जा काढा, तो खिडकीचा दीड फूटही झाकत नाही. तिरपं ऊन अडवायला समोर उभं काहीतरी हवं: भिंत, जाळी किंवा झाड. आणखी एक गंमत, मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो. उत्तरेच्या खिडक्यांना ऊन लागत नाही असं धरून चालणारे नकाशे मी बरेच पाहिले. आमच्या उत्तरेच्या खिडक्यांनाही छोटा छज्जा आहे.

दोन गोष्टींवर आम्ही माघार घेतली. पहिली, गच्चीवर माती टाकून गवत लावायची माझी फार इच्छा होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरने वजनाचा हिशेब मांडला: अर्धा फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर, आणि वावरायची साधी गच्ची धरतात ती दीडशे किलोच्या वर्दळीसाठी. म्हणजे जाड स्लॅब, जास्त लोखंड, जास्त सिमेंट. सिमेंट वाढवून वर हिरवं करायचं आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं, हे मला जमेना. गच्चीला पांढरा लेप दिला, विषय संपला. दुसरी, नवऱ्याला बैठकीची अख्खी उत्तर भिंत काचेची हवी होती. काचेत झाडाचं प्रतिबिंब पडतं आणि पक्षी त्याला खरं झाड समजून आदळतात. आपण जितकी झाडं लावू तितका हा धोका वाढतो. म्हणून काचेवर बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरवर बारीक ठिपके आले. आतून आठवड्यात सवय झाली. ठिपक्यांवरून घरात झालेला वाद मात्र त्याहून जास्त टिकला.

याच काळात आर्किटेक्ट बाईंनी रोबेर्तो बुर्ले मार्क्सचा किस्सा सांगितला. ब्राझीलचा हा उद्यानरचनाकार तरुणपणी, १९२८च्या सुमारास, बर्लिनमध्ये होता, आणि ब्राझीलच्या वनस्पतींचं देखणेपण त्याच्या नजरेत भरलं ते तिथल्या डालेमच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात. मायदेशी तेव्हा बागा युरोपीय धर्तीवर होत होत्या. परतल्यावर त्याने देशातल्या वनस्पती वापरल्या, त्याही नीमायर, कोस्टा यांच्यासारख्या कट्टर आधुनिक वास्तुकारांच्या काँक्रीटच्या इमारतींशेजारी. आधुनिक इमारत आणि रानटी वनस्पती यांचं जमत नाही असं म्हणणाऱ्याला मी हे उदाहरण देते. श्रीलंकेतले वास्तुकार जेफ्री बावा यांच्या कंदलामा हॉटेलचे फोटोही आम्ही खूप पाहिले. डोंगराच्या कड्याला समांतर पसरलेली, कड्याशी न भांडणारी इमारत. वेलींनी झाकलेल्या भिंती आमच्या कोरड्या माळावर उसन्या आणण्यात अर्थ नव्हता, पण कातळाशी न भांडणं उसनं आणता आलं. घराच्या चौकात आलेला कातळाचा तुकडा फोडला नाही. फरशीच त्याच्या कडेने कापून बसवली.

बांधकाम सुरू व्हायच्या आधी खरी लढाई मातीची. जमिनीचा वरचा अर्धा फूट थर तयार व्हायला शतकं लागतात, आणि मशीनचा दात लागला की तो तासाभरात मुरमात मिसळून जातो. जिथे घर येणार होतं तिथला तो थर आधी खरवडून बाजूला काढला. ढीग चार फुटांच्या आत ठेवला, कारण उंच ढिगात खालच्या मातीला हवा लागत नाही आणि तिच्यातले जीव मरतात. मुकादमाला हे सगळं थेर वाटत होतं, पण त्याने केलं. पुढच्या पावसात त्या ढिगावर कुर्डू, केना, तरवड आणि ढीगभर गवत आपसूक उगवलं, तेव्हा त्यानेच येऊन सांगितलं, “बाई, तुमची माती फुटली.” बी आधीपासून मातीतच होतं. विकतच्या लाल मातीत यातलं काही आलं नसतं.

करंजाभोवती पत्र्याचं कुंपण घातलं. ठोकताळा असा की खोडाचा व्यास जितके इंच, तितके फूट त्रिज्येचं वर्तुळ सोडायचं. त्यात वाळू टाकायची नाही, गाडी न्यायची नाही, काँक्रीटच्या मिक्सरचं धुण्याचं पाणी तर अजिबात सोडायचं नाही. सिमेंटच्या पाण्याने माती क्षारीय होते. मुळांवर भराव टाकणंही तितकंच वाईट. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. एका सकाळी कुंपणाच्या आत खडीचा ट्रक रिकामा करायच्या बेतात होता, मी अक्षरशः समोर उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, झाडाला काय होतंय?” समजावत बसायला वेळ नव्हता, ट्रक मागे घेतला एवढं पुरलं.

रोपं मिळवणं हा वेगळाच उद्योग. नर्सरीत गेलं की समोर येतात ती झाडं आपलीच वाटतात, इतकी सवयीची झाली आहेत. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, ज्याला आपण देवचाफा म्हणतो तोही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. देशीपणाचं सोवळं मी पाळत नाही. आमच्याकडे चाफा आहे, नवऱ्याच्या हट्टाने आणि माझ्याही आवडीने. तो जिथे लावला तिथे उभा राहतो, कुणाच्या वाटेला जात नाही. माझा राग घाणेरी, सुबाभूळ, रानमोडी यांच्यावर आहे, कारण त्या लावाव्या लागत नाहीत. एकदा शिरल्या की बाकीच्यांना बाहेर काढतात. परकं आणि आक्रमक यातला हा फरक न करता ‘फक्त देशी’ची घोषणा देणारे लोक चाफा उपटतात आणि कुंपणातली घाणेरी फुलपाखरं येतात म्हणून ठेवतात.

धायटी, निर्गुडी, मुरुडशेंग, कोरांटी, अडुळसा, कुसर यांची रोपं बरीच हिंडून मिळाली, काही बियांपासून केली. बहाव्याच्या बीला कठीण कवच असतं, ते काचकागदाने थोडं घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. करवंद आणि जांभूळ यांचं उलट: बी ताजंच लावायचं, ठेवलं की मेलं. मोठी, उंच रोपं आणायचा मोह होतो, कारण घर नवं असतं आणि भोवती उघडंबोडकं दिसतं. पण पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात. मुरमात ती बाहेर पडायला तयारच होत नाहीत. हातभर रोप दोन-तीन पावसाळ्यांत त्याला गाठतं. खड्डे उन्हाळ्यात खणून ठेवले, पहिला दमदार पाऊस जमिनीत मुरल्यावर लावणी केली, आळ्यात कापलेल्या गवताचं चार बोटं आच्छादन, फक्त खोडाला न टेकवता. पहिले दोन उन्हाळे पाणी दिलं, तेही जवळ पुरलेल्या मडक्यांतून झिरपेल तितकंच. त्यानंतर बंद. निर्गुडीला तर तेवढंही लागलं नाही.

गवताबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावर होतो. हिरवळ, म्हणजे लॉन, उन्हाळ्यात दर चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिते. शंभर चौरस मीटरची हिरवळ म्हणजे रोज पाचशे-सहाशे लिटर, आणि तिच्यावर बसायला मच्छरांमुळे कुणी जात नाही. दुसऱ्या टोकाला, एका हितचिंतकांनी मियावाकी पद्धतीने दाट वन करायचा सल्ला दिला, चौरस मीटरला तीन-चार रोपं. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींची पद्धत जिथे मुळात जंगल होतं तिथे ठीक. आमची जागा कधी जंगल नव्हतीच, ते माळरान होतं, आणि माळरानाचे आपले रहिवासी असतात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, टिटवी खड्यांत अंडी घालते. त्यांना दाट झाडी म्हणजे बेघर होणं. तेव्हा मधला मोठा पट्टा आम्ही गवताचाच ठेवला. मारवेल, पवन्या आणि थोडी कुसळी. मारवेलचे ठोंब लावले तर पटकन धरतात. गुरं चारायला येणाऱ्या मामांनी कोणतं गवत कुठे येतं ते दाखवलं. आमच्या सगळ्या सल्लागारांत फी न घेणारे ते एकटेच. कुसळी घराजवळ लावू नका, असंही त्यांनीच बजावलं. कपड्यांत अडकलेली कुसळं काढत बसण्याचा वैताग ज्याने केला आहे त्यालाच कळेल.

वाढलेलं गवत लोकांना माजलेलं रान वाटतं. इथे सरळ रेषांचं घर कामाला आलं. जोन नासॉअर या अमेरिकी अभ्यासिकेने १९९५ मध्ये मांडलं होतं की अस्ताव्यस्त दिसणाऱ्या निसर्गाला नीटनेटकी चौकट दिली की लोक तो स्वीकारतात, कारण कुणीतरी काळजी घेत असल्याची खूण त्यांना दिसते. आमची चौकट म्हणजे काँक्रीटची सरळ पायवाट, तिच्या दोन्ही कडांना हातभर कापलेली पट्टी, आणि प्लिंथभोवती, म्हणजे घराच्या जोत्याभोवती, दोन फुटांचा खडीचा पट्टा. त्या पट्ट्याची कामं बरीच आहेत. पागोळ्यांचा चिखल भिंतीवर उडत नाही, वाळवीच्या मातीच्या नळ्या प्लिंथवर चढायला लागल्या की लगेच दिसतात, आणि साप आलाच तर उघड्यावरून जातो. माझ्या सासूबाई पहिल्या भेटीत “हे कधी साफ करणार?” म्हणाल्या होत्या. कडा कापल्यावर “छान राखलंय” म्हणाल्या. आत गवत तेच होतं.

बहाव्याला पावसाळ्यात पिवळट फुलपाखरांच्या अळ्या लागतात आणि फांद्याच्या फांद्या बोडक्या करतात. माळीकाका औषधाचा पंप घेऊन निघाले होते. थांबवलं, महिन्याभरात नवी पानं आली. करंजाच्या पानांवर गाठी येतात, त्याही तशाच राहू देतो. रुईचं एक झुडूप मुद्दाम कोपऱ्यात ठेवलं आहे, त्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या असतात. बाहेरचे दिवे पिवळसर, कमी उंचीचे आणि खाली तोंड केलेले आहेत, रात्री अकरानंतर बंद. आर्किटेक्ट बाईंना झाडाखालून वर प्रकाश टाकणारे दिवे हवे होते, फोटोत सुंदर दिसतात. त्या एका मुद्द्यावर मी ताईपणा वापरला.

देखभाल कमी आहे, पण अजिबात नाही असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बी झडून गेल्यावर गवत वीतभर ठेवून कापायचं. त्याआधी कापलं तर पुढच्या वर्षी पातळ येतं, आणि उभं ठेवलं तर फेब्रुवारीपासून ती आगीची काडी. घराभोवतीचा पाच मीटरचा पट्टा तर पार उघडा ठेवतो. करंजाची पानगळ संपली की पन्हळी एकदा आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर पुन्हा एकदा साफ करायच्या. चरांत गाळ साठतो तो काढून झाडांना घालायचा.

रस्त्याकडच्या हद्दीची घाणेरी अजून बाकी आहे. वरून छाटली की ती दुप्पट जोमाने फुटते. जमीन ओली असताना मुळाच्या गाठीसकट काढावी लागते, आणि काढलेल्या जागी त्याच आठवड्यात मारवेलचे ठोंब लागले नाहीत तर तिथे गाजर गवत येतं. म्हणून एका पावसाळ्यात जेवढे ठोंब हाताशी असतील तेवढीच लांबी घेतो. यंदा फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत करायचा विचार आहे. मामांना ठोंबांसाठी सांगून ठेवलं आहे.